वाऱ्याचा अंदाज घेऊन

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत बँकेच्या नोकरीची मिळून बावीस वर्षे काढली, निवृत्तीनंतर नांदेडलाच घर केले. पण या साऱ्या मुलखात गोल्फचे मैदान माझ्या पाहण्यात कधी आले नाही. असण्याचे फारसे कारणही नाही. अठरा होलच्या एका मैदानाला साधारण सव्वाशे ते दोनशे एकर जमीन लागते आणि ती बाराही महिने हिरवीगार ठेवायची, तर पाणी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिलला पहिली गाडी दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोचली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले, तेही दुष्काळात मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्यावरूनच. क्रिकेटची ही गत, तिथे गोल्फचे नाव कुणी काढावे?

आणि तरीही नांदेड-लातुरात आज गोल्फ खेळले जाते. एस.टी.च्या खिडकीशी बसून, वसतिगृहाच्या खोलीत पलंगावर लोळत, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर. हिरवळ, तळी, वाळूचे खड्डे, समुद्रावरून येणारा वारा, सारे हातभर अंतरावर, मोबाइलच्या पडद्यात. याचे मूळही त्याच सालात सापडते. एप्रिल २०१६ मध्ये पाणी रेल्वेने आले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले. घागरभर पाण्यासाठी जिथे रांगा लागल्या होत्या, तिथे सहा महिन्यांच्या आत जगभरचे खेळ घरोघरी वाहू लागले. एखाद्या कादंबरीत मी हे लिहिले असते, तर योगायोग फार जुळवून आणला म्हणून समीक्षकांनी कान उपटले असते. पण घडले आहे ते असे.

मी हा खेळ दोन वर्षांपासून खेळतो. निवृत्तांच्या कट्ट्यावर आधी थट्टा झाली, मग कुतूहल, मग एकेक जण बाजूला घेऊन विचारू लागला, ‘ते कसे खेळायचे हो?’ दुसरीकडे शेजारपाजारच्या आया विचारतात, ‘काका, मुलगा दिवसभर त्यातच असतो. हे चांगले की वाईट?’ दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, पण एकाशिवाय दुसरे देता येत नाही. म्हणून आधी खेळ समजून घेऊ आणि मग घरातल्या मोठ्यांची जबाबदारी.

राजाची बंदी आणि जपानी यंत्र

घरात मुले खेळावरून बोलणी खातात ही काही आजची गोष्ट नाही. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याने १४५७ साली गोल्फवर आणि फुटबॉलवर बंदी घातली होती. तक्रार अशी, की तरुण पोरे या खेळांपायी धनुर्विद्येचा सराव टाळतात. बंदी टिकली नाही, खेळ टिकला. १७४४ मध्ये लीथ गावच्या खेळाडूंनी तेरा नियम लिहून काढले. सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर १७६४ साली अठरा होल ठरले आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. इंग्रजांबरोबर हा खेळ आपल्याकडे आला आणि फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला तो सर्वांत जुना क्लब मानतात.

पडद्यावरच्या गोल्फची कथा त्या मानाने अलीकडची. १९८४ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने घरगुती खेळयंत्रासाठी गोल्फ काढले. त्याचा प्रोग्रॅम लिहिणारा तरुण म्हणजे सातोरू इवाता, जो पुढे २००२ साली त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला. त्या खेळातली खुबी अशी, की पडद्याखाली एक पट्टी असे आणि तिच्यावरून एक खूण सरकत जाई. एकदा बटण दाबले की काठी मागे, दुसऱ्यांदा दाबले की जोर ठरला, तिसऱ्यांदा दाबले की फटका. तिसरी दाब अचूक वेळी पडली तर चेंडू सरळ, नाहीतर डावी-उजवीकडे. पुढच्या असंख्य खेळांनी हीच कल्पना उचलली. मोबाइलवर आता बटणाऐवजी बोट आले. चेंडू मागे ओढायचा आणि हलणारी सुई मधोमध आली की सोडायचा. २०१७ साली आलेल्या गोल्फ क्लॅश या ब्रिटिश खेळाने ही पद्धत घरोघरी नेली. समोर जगातला कुणीतरी अनोळखी खेळाडू, एकच होल, दोन-तीन मिनिटांत निकाल.

आधी चार शब्द शिका

गोल्फचा नियम विटीदांडूपेक्षा अवघड नाही. जिथून पहिला फटका मारायचा ती जागा म्हणजे टी. मधली कापलेल्या गवताची वाट ती फेअरवे. तिच्या दोन्ही बाजूंचे वाढलेले गवत म्हणजे रफ. वाळूचा खड्डा तो बंकर. शेवटी गालिच्यासारखी बारीक कापलेली हिरवळ, ती ग्रीन, आणि तिच्यात ते भोक, म्हणजे होल. खऱ्या मैदानावर त्याचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर असतो. चेंडू त्यात कमीत कमी फटक्यांत घालायचा, बस्स.

प्रत्येक होलला किती फटके अपेक्षित आहेत हे ठरलेले असते. तीन, चार किंवा पाच. त्या आकड्याला पार म्हणतात. त्याहून एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल आणि एक जास्त लागला तर बोगी. ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक खेळत होती, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक घरांत हे शब्द प्रथमच उच्चारले गेले. ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकले. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचे सुवर्ण आले आणि ती सकाळ झाकोळून गेली. पण एका फटक्याची किंमत काय असते हे आम्हाला त्या पहाटे कळले.

काठीला क्लब म्हणतात. लांब पल्ल्याला ड्रायव्हर, मधल्या अंतराला आयर्न, जवळून उंच उडवायला वेज आणि ग्रीनवर ढकलायला पटर. मोबाइलच्या खेळात बहुधा खेळच योग्य काठी हातात देतो. पण ती का दिली हे जो विचारत नाही, तो महिनाभराने तिथेच असतो.

नवख्यांसाठी

आता प्रत्यक्ष खेळाकडे. खेळाखेळाचे तपशील वेगळे असतात. पण पुढच्या गोष्टी यातल्या बहुतेक खेळांना लागू पडतात.

पहिली गोष्ट जोराची. नवखा माणूस बोट पडद्याच्या तळापर्यंत ओढतो. त्याला वाटते, चेंडू जितका लांब तितके चांगले. बऱ्याच खेळांत पूर्ण जोरापलीकडे गेले की सुई अधिक वेगाने हलते आणि नेम चुकण्याची शक्यता वाढते. पहिले आठ दिवस जोर खुणेपर्यंतच ठेवा आणि सारे लक्ष सुई मधोमध असताना बोट सोडण्यावर द्या. दहातले सात फटके सरळ जाऊ लागले, की मग जोर वाढवा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि खरा खेळ इथेच आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक बाण असतो आणि त्याच्याजवळ एक आकडा. बाण दिशा सांगतो, आकडा वेग. आपल्याकडचा शेतकरी खळ्यावर उपणायला उभा राहतो तेव्हा आधी चिमूटभर भूस सोडून बघतो. वारा नसेल तर थांबतो, असेल तर त्या बेताने सूप धरतो. इथेही तेच. वारा समोरून असेल तर चेंडू अलीकडे पडणार, तेव्हा नेम पलीकडे धरा किंवा एक मोठी काठी घ्या. पाठीमागून असेल तर उलट. वारा उजवीकडून वाहत असेल तर तो चेंडूला डावीकडे नेणार, म्हणून नेम उजवीकडे धरायचा. ज्या बाजूने वारा, त्याच बाजूला नेम, एवढे पाठ केले तरी निम्मे काम झाले. आणि चेंडू जितका उंच, तितका अधिक वेळ तो हवेत, म्हणजे वाऱ्याच्या ताब्यात. वेजने उडवलेला चेंडू म्हणूनच फसवा.

किती बाजूला धरायचे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याचे उत्तर वहीत आहे. बँकेतल्या माणसाला वहीशिवाय सुचत नाही, म्हणून मी एक दोनशे पानी वही घातली आहे. तीन रकाने: काठी, वाऱ्याचा आकडा, चेंडू किती सरकला. सरावाच्या होलवर एकाच काठीने वारा पाच असताना मारा, सरक लिहून ठेवा. मग वारा दहा असताना मारा. सरक साधारण दुपटीच्या आसपास आलेली दिसेल. अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या, की तुमच्या त्या खेळाचे कोष्टक तुमच्या हातात आले. पोरे हे तोंडी करतात. आपल्या वयाला वही बरी.

तिसरी गोष्ट, चेंडू कुठे थांबेल ते बघा. चेंडू जिथे टेकतो तिथे तो थांबत नाही. तो उसळतो, घरंगळतो. ग्रीनच्या मधोमध टिपलेला चेंडू पलीकडच्या बंकरमध्ये गेला, की नवखा खेळाला शिव्या देतो. टप्पा अलीकडे द्या. शिवाय चेंडूला फिरकी देता येते. उलटी फिरकी दिली की तो टप्पा पडल्यावर लवकर थांबतो, सुलटी दिली की पुढे पळतो. फेअरवेवर सुलटी, ग्रीनवर उलटी, हा प्राथमिक हिशेब.

चौथी गोष्ट, पुढच्या फटक्यासाठी खेळा. वाटेत पाणी असेल आणि ते ओलांडायला पूर्ण जोर आणि अनुकूल वारा असे दोन्ही लागत असेल, तर पाण्याच्या अलीकडे सपाट जागी चेंडू ठेवा. पाण्यात गेला की एक फटका दंड म्हणून जातो. रफमधून आणि बंकरमधून फटक्याचा पल्ला आणि अचूकपणा दोन्ही घटतात. म्हणून साठ पावले कमी, पण स्वच्छ गवतावर, हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो.

पाचवी गोष्ट ग्रीनवरची. पडद्यावर जाळीसारख्या रेघा दिसतात आणि बऱ्याच खेळांत त्यांवरून ठिपके सरकत असतात. ठिपके जिकडे सरकतात तिकडे उतार आणि जितक्या वेगाने सरकतात तितका तो तीव्र. उतार आडवा असेल तर नेम भोकावर धरायचा नाही, त्याच्या वरच्या अंगाला धरायचा. चेंडू आपोआप खाली येतो. चढावर थोडा जास्त जोर, उतारावर बराच कमी. भोकाच्या अलीकडे थांबलेला चेंडू कधीच आत जात नाही, तेव्हा किंचित पुढे जाईल एवढा जोर हवाच.

सहावी गोष्ट यंत्राची. हा खेळ दुसऱ्या माणसाशी चालतो, म्हणून रेंज गेली की तुमची वेळ संपते आणि होल हातचा जातो. वीज जायच्या वेळी किंवा बॅटरी संपत आली असता सामना घेऊ नका. फोन टेबलावर सपाट ठेवून तर्जनीने खेळा. हातात धरून अंगठ्याने खेळले की हात थरथरतो. चष्मा लावा. अंधारात खेळू नका.

सातवी आणि अखेरची: लागोपाठ दोन सामने हरलात तर उठा. तिसरा सामना माणूस खेळासाठी घेत नाही, वसुलीसाठी घेतो. कर्जवसुलीचे काम मी आयुष्यभर केले. रागाच्या भरात केलेली वसुली कधी यशस्वी झालेली मी पाहिली नाही.

रविवारचा अर्धा तास

मी या खेळात पडलो तो नातवामुळे. तो लातूरला शिकतो. नांदेडला क्लासेसची वाण नाही. तरी लातूरचे नाव ते लातूरचे. दहावी-बारावीच्या निकालांनी गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ पुढे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत पोचला आणि साऱ्या मराठवाड्यातून मुले तिकडे निघाली. ट्यूशन एरियातून सकाळी सहाला चालत जा, पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलामुलींचे लोंढे दिसतात. सोळा-सतरा वर्षांची ही मुले, पहिल्यांदाच घराबाहेर. लोहा, अहमदपूर, चाकूर ही रस्त्यावरची गावे ओलांडली की लातूर. गाडीने काही तासांचे अंतर. पण घरच्या ताटापासून ते अंतर फार असते.

सुरुवातीला रविवारी फोन व्हायचा. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘चालू आहे.’ ‘पैसे आहेत ना?’ ‘आहेत.’ झाले. चाळीस वर्षे माणसांचे संवाद लिहिणाऱ्या माझ्यासारख्यालाही पाचवे वाक्य सुचत नसे. मग एकदा त्यानेच सांगितले, की रविवारी फोन हातात मिळतो तेव्हा तो गोल्फ खेळतो, मित्राशी सामना लावता येतो. मी म्हटले, ‘मला शिकव.’

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी अर्धा तास आम्ही खेळतो. बोलणे स्पीकरवर चालू असते. ‘आजोबा, वारा उजवीकडून आहे, उजवीकडेच नेम धरा.’ ‘अरे धरलाय.’ ‘अजून थोडा.’ चेंडू हवेत असतो ते चार-पाच क्षण दोघेही गप्प असतो. मागच्या पावसाळ्यात असाच चेंडू हवेत असताना तो म्हणाला, ‘आजोबा, कालच्या टेस्टला बायोलॉजीत तीनशे साठपैकी एकशे ऐंशीच पडले. आईला सांगितलं नाही अजून.’

मी म्हटले, ‘तुझी पाळी आहे. मार.’

त्याने मारला. तो होल तो जिंकला. मग दोन होल झाल्यावर मी विचारले, ‘आईला मी सांगू, की तू सांगतोस?’ थोडा वेळ काही आवाज आला नाही. ‘मीच सांगतो. तुम्ही फक्त तिच्याजवळ बसा.’ मी सुनेजवळ जाऊन बसलो. फोन तिच्या हातात दिला. ती आधी घट्ट झाली, मग म्हणाली, ‘बाळा, पुढच्या रविवारी आम्ही सगळेच येतो. काय खायला आणू?’

या प्रसंगातून फार मोठा सिद्धांत काढण्याची माझी इच्छा नाही. समोरासमोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारले, की या वयाची मुले मिटून जातात, हे कुठल्याही आई-बापाला ठाऊक असते. हाताला दुसरे काम असले, नजर तिसरीकडे असली, की बोलणे सोपे जाते. आमच्या पिढीत हे काम विहिरीवर, शेंगा फोडताना, सायकल पुसताना होत असे. आमच्या घरी आता ते गोल्फवर होते.

फुकट म्हणजे किती?

आता दुसरी बाजू, आणि इथे माझ्यातला बँकेचा माणूस जागा होतो. हे खेळ फुकट मिळतात. २०२१ साली अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने गोल्फ क्लॅश बनवणारी प्लेडेमिक ही कंपनी विकत घेण्याचा करार केला, तो १४० कोटी डॉलरना. फुकट मिळणाऱ्या खेळाला एवढी किंमत कुठून आली? उत्तर सोपे आहे. खेळात नाणी असतात, रत्ने असतात, पेट्या असतात. सामन्याला नाण्यांची प्रवेश फी असते. हरलात की ती जाते. जिंकल्यावर पेटी मिळते, पण ती उघडायला काही तास लागतात. थांबायचे नसेल तर रत्ने खर्च करा. रत्ने संपली तर रुपये देऊन विकत घ्या. पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. अधीरपणा विकत घेण्याचा हा धंदा आहे आणि तो कायदेशीर आहे. मात्र बेल्जियममध्ये २०१८ साली तिथल्या नियामकांनी पैसे देऊन उघडायच्या अशा काही बंद पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असा निर्णय दिला.

ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी एकदा पेन्शन खात्याचा उतारा माझ्यापुढे ठेवला. शिल्लक का घटते ते त्यांना उमगत नव्हते. उताऱ्यात ओळीने नोंदी होत्या, एकोणनव्वद रुपये, एकशे एकोणऐंशी, पुन्हा एकोणनव्वद. दोन महिन्यांची बेरीज अकरा हजारांवर गेली. घरातला चौदा वर्षांचा मुलगा आजोबांच्या फोनवर खेळत होता आणि त्या फोनमध्ये पैसे भरण्याची सोय उघडीच होती. प्रत्येक वेळी संदेश आला होता, पण रक्कम इतकी किरकोळ, की कुणी पाहिले नाही. आम्ही आधी ती सोय बंद केली, खरेदीला पासवर्ड लावला, आणि मग मुलाला बोलावून उतारा वाचायला दिला. बेरीज त्यालाच करायला लावली. मारझोड झाली नाही. बेरीज पुरेशी होती.

तेव्हा नियम असे. मुलाच्या हातातल्या फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडलेले नसावे. खरेदीला पासवर्ड असावा आणि तो घरातल्या एकाच मोठ्या माणसाला ठाऊक असावा. खेळातल्या खोट्या नाण्यांनाही खऱ्यासारखेच वागवावे. माझा दंडक आहे, की शिल्लक नाण्यांच्या दहाव्या हिश्शाहून जास्त फी असलेला सामना घ्यायचा नाही. त्यामुळे लागोपाठ पाच सामने हरलो तरी दिवाळे निघत नाही. साऱ्या काठ्या थोड्या थोड्या सुधारण्यापेक्षा रोज लागणाऱ्या तीन-चार काठ्यांवरच कमाई लावावी. आणि पेटी आपोआप उघडेपर्यंत थांबावे. तेवढ्या वेळात जेवण होते, अभ्यास होतो, झोप होते.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्या. ज्या खेळात रुपये लावून रुपये जिंकण्याची आशा असते, तो वेगळा प्रकार. त्यासाठी संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत तो मंजूर झाला आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांच्यासाठी पैशाचे व्यवहार करणे या तिन्हींना त्यात मनाई आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ यांना त्याच कायद्याने वेगळे स्थान दिले आहे. गोल्फमधली नाणी रुपयांत बदलून मिळत नाहीत, म्हणून आपला खेळ करमणुकीच्या बाजूला पडतो. पण कुणी ‘गोल्फ खेळा, रोख जिंका’ असा संदेश पाठवला, तर तो न उघडताच पुसून टाका.

घड्याळ

पैशापेक्षा मोठी गळती वेळेची. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळाची मुभा ठेवली. आपल्या घरात सरकार येऊन घड्याळ लावणार नाही. ते आपल्यालाच लावावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाची नोंद आजारांच्या यादीत केली आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तिने अट नेमकी घातली आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर साऱ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, आणि हे सारे साधारण वर्षभर चालणे. आठवड्याला अर्धा तास खेळणारे मूल या व्याख्येत बसत नाही. रात्री दोनला पांघरुणात फोन घेऊन बसणारे मूल मात्र त्या वाटेवर असू शकते, आणि त्याला रागवण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवणे अधिक उपयोगाचे. मूल खेळात का लपते आहे, हेही त्याबरोबर विचारले पाहिजे. कधी कधी उत्तर खेळात नसते, क्लासच्या निकालपत्रात असते.

आमच्या घरी वेळ मिनिटांत मोजत नाही, होलमध्ये मोजतो. अभ्यासाच्या दिवसांत रविवारी सहा होल, सुटीत नऊ. ‘अर्धा तास झाला’ म्हटले की भांडण होते, कारण डाव अर्ध्यात सुटतो. ‘सहावा होल झाला’ म्हटले की फोन मुकाट खाली ठेवला जातो.

आज रविवार आहे. घरात मूल असेल आणि ते पडद्यात डोके घालून बसले असेल, तर ते काय खेळते ते विचारा. क्रिकेट असेल, मोटारी असतील, गोल्फ असेल, काहीही असो; ते कसे खेळायचे हे त्याच्याकडूनच शिका. त्याला गुरू होऊ द्या. चुकलात तर ते हसेल, हसू द्या. तीन होल पुरेत. मात्र पहिल्या दिवशी चेंडू पाण्यात जाणार, हे धरूनच बसा.